टोमण्यामागचं गाऱ्हाणं

२ ऑक्टोबर २०२१. अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगाच्या मैदानावर मोटारींची शर्यत नुकतीच संपली होती. ब्रँडन ब्राउन हा तरुण चालक नॅस्कारच्या एका शर्यतमालिकेतली आपली पहिली शर्यत जिंकला होता आणि एनबीसीची वार्ताहर त्याची मुलाखत घेत होती. मागे प्रेक्षक एका सुरात ओरडत होते. राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांच्या नावानं ती सरळसरळ शिवी होती. वार्ताहर मात्र ब्रँडनला म्हणाली, लोक ‘लेट्स गो, ब्रँडन’ म्हणताहेत. गोंगाटात तिला खरंच तसं ऐकू आलं की तिनं वेळ मारून नेली, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. उजव्या विचारांच्या अमेरिकेनं मात्र आपला निकाल लगेच दिला: शिवी बायडनना होती आणि ती झाकायला माध्यमं धावली.

काही दिवसांतच ते तीन शब्द टोप्यांवर, टी-शर्टांवर, पिकअप ट्रकच्या मागच्या काचांवर दिसू लागले. त्याच महिन्यात फ्लोरिडाचे रिपब्लिकन खासदार बिल पोझी यांनी प्रतिनिधिगृहातलं आपलं भाषण याच शब्दांनी संपवलं. नाताळच्या आदल्या दिवशी बायडन पती-पत्नी लहान मुलांशी फोनवर बोलत होते. ओरेगॉनमधल्या एका वडिलांनी बोलणं संपवताना हेच तीन शब्द उच्चारले आणि बायडन यांनीही ते तसेच परत म्हणून ‘मान्य आहे’ असं उत्तर दिलं.

मी पश्चिम ओहायोतल्या एका लहान गावात फार्मसिस्ट आहे. मूळची साताऱ्याची. गावाभोवती मका आणि सोयाबीनची शेतं, मधोमध धान्याची उंच कोठारं, दोन-तीन चर्च आणि एक हायस्कूल. माझ्या काउंटरवर ते तीन शब्द पहिल्यांदा आले ते एका वयस्कर शेतकऱ्याच्या टोपीवर. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारा हा माणूस ऑगस्टमध्ये आम्हा सगळ्यांसाठी गोड मक्याची कणसं पिशवी भरून आणतो, आणि माझे आई-बाबा कसे आहेत ते नावानिशी विचारतो. साताऱ्याची माझी मावशी फोनवर म्हणते, ‘तिकडची माणसं एवढी चिडलेली का असतात गं?’ मी तिला सांगते, मावशी, चिडलेली असतात, पण त्याहून जास्त वेळ ती हसत असतात. ते हसणं तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे अमेरिका पुष्कळ जण स्टीफन कोल्बेर, जॉन स्टुअर्ट किंवा जॉन ऑलिव्हर या विनोदी निवेदकांच्या चित्रफितींतून पाहतात. म्हणजे डाव्या-उदारमतवादी बाजूची थट्टा पोहोचते आणि उजव्या बाजूचा फक्त संताप. प्रत्यक्षात इथल्या परंपरावादी राजकारणाची मोठी ताकद त्याच्या उपरोधात आहे. त्या उपरोधाच्या तळाशी एक खरं गाऱ्हाणं आहे. आणि जिथं जिथं त्याची धार फक्त परक्यांसाठी राखून ठेवली गेली, तिथं तिथं ही माझी माणसंच त्याची किंमत मोजताना मी पाहिली आहेत. मला या दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.

एका घोषणेचे दोन नेम

‘लेट्स गो, ब्रँडन’ हा अस्सल ‘लेकी बोले सुने लागे’ प्रकार आहे. नाव ब्रँडनचं, शिवी बायडनना आणि टोला वार्ताहरांना. बायडनवर राग असणाऱ्यांना शिवी आधीपासून होतीच. तिला टोपीवर मिरवण्याजोगं रूप आलं ते माध्यमांमुळे. ‘आम्ही काय ओरडतोय हे आमच्या तोंडावर आम्हालाच चुकीचं सांगतात’ ही भावना त्या तीन शब्दांत मावली, म्हणून ते टिकले. ज्याच्या विजयातून हे सुरू झालं, त्या ब्रँडन ब्राउनला मात्र प्रायोजक मिळवणं अवघड झालं, कारण कुठल्याच कंपनीला त्या नावाजवळ उभं राहायचं नव्हतं.

अमेरिकी उजव्यांच्या थट्टेची ही जुनी रीत आहे. तिचा नेम सरकारवर असतो, त्याहून जास्त सरकारची गोष्ट सांगणाऱ्यांवर असतो. वर्तमानपत्रं, वाहिन्या, विद्यापीठं, हॉलिवूड: आपल्याविषयी जग काय समजतं ते ठरवणारी ही मंडळी आपल्यातली नाहीत, त्यांना आपण मागासलेले वाटतो, हे ते गाऱ्हाणं.

बकली आणि ॲग्न्यू

या गाऱ्हाण्याला पहिला डौलदार आवाज दिला विल्यम बकली यांनी. येल विद्यापीठात शिकलेल्या, श्रीमंत घरातल्या या तरुणानं नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हा तो तिशीलाही पोहोचला नव्हता. त्या काळी अमेरिकेतल्या विचारवंतांत परंपरावादाला फारशी किंमत नव्हती. बकलींनी रडगाणं गायलं नाही, शालजोडीतले दिले. हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या हाती देश देण्यापेक्षा बोस्टनच्या टेलिफोन डिरेक्टरीतल्या पहिल्या नावांच्या हाती दिलेला बरा, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य अजूनही इथं सांगितलं जातं. १९६५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले. निवडून आलात तर पहिलं काय कराल, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं: फेरमोजणीची मागणी. त्यांना सुमारे १३ टक्के मतं मिळाली. १९६६ पासून १९९९ पर्यंत चाललेल्या ‘फायरिंग लाइन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते विरोधकांना समोर बसवून वाद घालत. समोरच्याला त्याचं म्हणणं पुरतं मांडू देऊन मग हसत उत्तर देत.

बकलींची दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या काळात रॉबर्ट वेल्च यांची जॉन बर्च सोसायटी परंपरावाद्यांत झपाट्यानं वाढत होती. माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हेसुद्धा साम्यवाद्यांचे हस्तक आहेत, असं वेल्च यांचं म्हणणं होतं. १९६२ मध्ये बकलींनी आपल्याच नियतकालिकातून वेल्च यांच्यावर जाहीर टीका केली. नियतकालिकाचे वर्गणीदार आणि देणगीदार यांच्यात सोसायटीचे लोक होते, त्यांची संतप्त पत्रं आली. बकलींनी टीका मागे घेतली नाही. आपल्या घरातल्या मूर्खपणालाही तीच धार लावायची, हा धडा त्यांनी घालून दिला.

माध्यमांवरचा हल्ला थेट सत्तेच्या व्यासपीठावरून झाला तो १३ नोव्हेंबर १९६९ रोजी. दहा दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हिएतनामवर भाषण केलं होतं आणि ते संपताच वाहिन्यांवरच्या भाष्यकारांनी त्याची चिरफाड केली होती. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी आयोवातल्या डे मॉइन शहरात त्याला उत्तर दिलं. भाषण पॅट ब्युकॅनन यांनी लिहिलेलं होतं. देशात काय बातमी व्हावी हे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमधली मूठभर माणसं ठरवतात आणि त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही, असा त्यातला मुद्दा होता. चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, करचुकवेगिरीच्या प्रकरणात ॲग्न्यू यांना पद सोडावं लागलं. त्यांचा मुद्दा मात्र राहिला, कारण तेव्हा संध्याकाळच्या बातम्या तीनच वाहिन्यांवर दिसत आणि त्या तिन्हींचं जग खरोखर सारखं होतं.

रेडिओवरचा माणूस

गाऱ्हाणं आणि थट्टा यांचा मोठा धंदा होऊ शकतो, हे दाखवलं रेडिओनं. त्यामागे कायदा, तंत्र आणि पैसा असं सगळंच होतं.

१९४९ पासून अमेरिकेत प्रसारणाचा एक नियम होता: वादाच्या सार्वजनिक विषयावर बोलायचं तर विरोधी मतालाही जागा द्यायची. तो नियम १९८७ मध्ये, रेगन यांच्या काळात, रद्द झाला. त्याच सुमारास संगीत चांगल्या आवाजाच्या एफएमवर गेलं होतं आणि जुन्या एएम केंद्रांना दिवसभर काय वाजवायचं हा प्रश्न पडला होता. उपग्रहामुळे एक कार्यक्रम देशभर पोहोचवणं स्वस्त झालं होतं. १ ऑगस्ट १९८८ रोजी मिसुरीतल्या केप जिरार्डो गावात वाढलेल्या रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. केंद्रांना तो जाहिरातींच्या वेळेच्या बदल्यात दिला जाई, त्यामुळे लहान गावातल्या केंद्रालाही परवडे. पुढे सहाशेहून अधिक केंद्रांवर तो लागू लागला.

आमच्या भागात लिंबॉ दुपारी लागत. दुपारच्या पाळीला गाडीनं जाताना मी कितीतरी वेळा ऐकलंय. वर्तमानपत्रातली एखादी बातमी ते गंभीरपणे वाचून दाखवत, मग थांबत, कागदाची सळसळ ऐकू येई, आणि त्यानंतरच्या एका वाक्यात ती बातमी आणि ती लिहिणारा असे दोघेही हास्यास्पद होऊन जात. सामना बरोबरीचा व्हावा म्हणून मी अर्धा मेंदू पाठीमागे बांधून ठेवतो, असं ते म्हणत. श्रोते फोन करत आणि ‘डिट्टो’ म्हणत. ट्रकचालक, ट्रॅक्टरवरचा शेतकरी, गॅरेजवाला, फिरता विक्रेता, अशी दिवसाचे कितीतरी तास एकट्यानं काम करणारी माणसं ऐकत असत. आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्यानं आणि मजेत बोलतंय, हे त्यांना देशभराच्या रेडिओवर बहुधा पहिल्यांदाच ऐकायला मिळालं.

१९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं, तेव्हा नव्या खासदारांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचं मानद सदस्य करून घेतलं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वातंत्र्यपदक दिलं. वर्षभरानं कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

त्या हसण्यात क्रौर्यही होतं आणि ते दडवून चालणार नाही. सुरुवातीच्या काळात एड्सनं मरणाऱ्या समलिंगी माणसांची गाणी वाजवून टिंगल करणारा एक भाग त्यांच्या कार्यक्रमात होता. नंतर त्याचा पश्चात्ताप झाल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं. थट्टा वरच्याची करायची असते. मरणाऱ्या माणसाची टिंगल करणाऱ्याला उपरोधकार म्हणता येत नाही.

शिवीचा बिल्ला

एप्रिल २००८ मध्ये बराक ओबामा सॅन फ्रान्सिस्कोत देणगीदारांसमोर बोलताना म्हणाले की कारखाने गेलेल्या गावांतली माणसं कडवट होतात आणि बंदुका किंवा धर्म यांना चिकटून बसतात. सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी न्यूयॉर्कमधल्या अशाच एका कार्यक्रमात ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना ‘डिप्लोरेबल्स’, म्हणजे धिक्कार करण्याजोगी माणसं, म्हटलं. काही दिवसांतच तो शब्द छापलेले टी-शर्ट ट्रम्प यांच्या सभांना दिसू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बायडन यांच्या एका वाक्यातून ट्रम्प समर्थकांना ‘कचरा’ म्हटल्याचा अर्थ निघाला. दुसऱ्याच दिवशी विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे इथं ट्रम्प कचऱ्याच्या गाडीत चढून बसले.

दिलेली शिवी अंगावर मिरवायची, म्हणजे देणाऱ्याचं हत्यार बोथट होतं. ज्यांच्या हातात वर्तमानपत्र नाही, वाहिनी नाही, त्यांच्याकडे एवढंच उरतं. आणि आता तर गावाचं स्वतःचं वर्तमानपत्रही उरत नाही. ओहायोतल्याच यंग्जटाउन शहराचं ‘व्हिंडिकेटर’ हे दीडशे वर्षांचं दैनिक ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडलं. शाळेच्या मंडळाच्या बैठकीला येणारा, दुकानात भेटणारा, ज्याला गाठून ‘हे चुकीचं लिहिलंस’ म्हणता येईल असा पत्रकार गेला. उरली ती दूरच्या शहरातली माध्यमं. गॅलपच्या पाहणीत १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकी लोकांचा माध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास होता. २०२४ मध्ये तो ३१ टक्क्यांवर आला आणि रिपब्लिकनांमध्ये १२ टक्क्यांवर.

माध्यमांच्या बाजूनं चुकाही झाल्या. ‘बॅबिलॉन बी’ हे ख्रिस्ती परंपरावाद्यांचं विडंबनाचं व्यासपीठ २०१६ मध्ये सुरू झालं. बातम्यांना हवा तसा पीळ देण्यासाठी सीएनएननं मोठं धुलाई यंत्र विकत घेतलं, असा विनोद त्यांनी २०१८ मध्ये केला. तथ्य तपासणाऱ्या ‘स्नोप्स’नं तो गंभीरपणे तपासून खोटा ठरवला आणि त्या आधारे फेसबुकनं ‘बी’ला ताकीद दिली. ती चूक होती हे फेसबुकनं नंतर मान्य केलं. पण ज्यांना आधीच वाटत होतं की या मंडळींना आपली भाषा कळत नाही, त्यांना आणखी कुठला पुरावा हवा होता?

काउंटरवरची किंमत

इथवर माझं मन या माणसांच्या बाजूनं आहे. पण २०२१ हे वर्ष मी काउंटरच्या मागे उभी राहून काढलंय.

मार्च २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, सरकारचे साथरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांनी सामान्य माणसांनी मास्क लावून फिरायची गरज नाही असं सांगितलं होतं, पुढे सल्ला उलटा झाला. विषाणू प्रयोगशाळेतून आला असावा ही शंका अनेक पत्रकारांनी खुळचट म्हणून उडवून लावली. विषाणू माणसानं बनवल्याचे दावे फेसबुक २०२१ मध्ये काही महिने काढून टाकत होतं, मेमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. टोमणे मारायला जागा होती आणि ते मारले गेले. मग लस आली, आणि तोच टोमणा, त्याच सुरात, लसीवर फिरला.

टेनेसीतल्या नॅशव्हिलचे रेडिओ निवेदक फिल व्हॅलेंटाइन यांनी लसीची थट्टा करणारं विडंबनगीत केलं होतं. त्या उन्हाळ्यात त्यांना कोविड झाला. इस्पितळातून, घरच्यांमार्फत, त्यांनी श्रोत्यांना लस घ्यायला सांगितलं. २१ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. माझ्या काउंटरवर त्या दिवसांत माणसं यायची, फाउचींवरचा ताजा विनोद सांगायची, मीही हसायचे. ‘मग लस देऊ ना?’ असं विचारलं की हसणं थांबायचं. काहींनी घेतली. काहींच्या बायका पुढे एकट्याच येऊ लागल्या, स्वतःच्या औषधांपुरत्या.

ओहायो आणि फ्लोरिडा या दोन राज्यांतल्या नोंदणीकृत मतदारांचा एक अभ्यास २०२३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आला. लस सर्व प्रौढांना खुली झाल्यानंतरच्या काळात रिपब्लिकन मतदारांमधलं अतिरिक्त मृत्यूंचं प्रमाण डेमोक्रॅट मतदारांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होतं. लस येण्यापूर्वी एवढी तफावत नव्हती. या आकड्यात माझं गाव आहे. रोज नव्या विनोदानं ज्यांचं मनोरंजन केलं जात होतं त्या श्रोत्यांना, ‘आता थट्टा पुरे, दंड पुढे करा’ हे वेळेवर आणि ठणकावून सांगणारे फार थोडे निघाले.

घरच्यांवरही चालणारी धार

असं सांगणारे थोडेच का निघाले, याचं उत्तर मला पैशाच्या गणितात दिसतं. बकलींचं नियतकालिक श्रीमंतांच्या देणग्यांवर चाले, वाचक दुखावला तरी ते तग धरू शकत होतं. रेडिओ आणि केबल वाहिनीचं गिऱ्हाईक म्हणजे स्वतः श्रोता. त्याला नको ते ऐकवलं की तो दुसरीकडे जातो.

नोव्हेंबर २०२० मध्ये हे उघड दिसलं. मतमोजणीच्या रात्री फॉक्स न्यूजनं ॲरिझोना राज्य बायडन यांना मिळाल्याचं सर्वांत आधी जाहीर केलं. ते बरोबर होतं. पण चिडलेले प्रेक्षक ‘न्यूजमॅक्स’कडे वळू लागले. मग मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे फॉक्सवर होऊ लागले. त्या दावेदारांवर फॉक्सच्याच निवेदकांचा खासगीत विश्वास नव्हता, हे त्यांचे संदेश न्यायालयात आल्यावर कळलं. यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला फॉक्सनं एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. ज्या प्रेक्षकांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं की दुसरे तुम्हाला मूर्ख समजतात, त्यांना आपलेच लोक खरं सांगायला घाबरले.

तरीही घरच्यांना सुनावण्याची परंपरा मेलेली नाही. पी. जे. ओरूर्क या विनोदी लेखकानं वर्षानुवर्षं डेमोक्रॅटांची खिल्ली उडवली. २०१६ मध्ये त्यांनी हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला: त्या प्रत्येक गोष्टीत चुकीच्या आहेत, पण नेहमीच्या मर्यादेत चुकीच्या आहेत, असं त्यांचं म्हणणं. ‘बॅबिलॉन बी’ची सुरुवातच मुळी आपल्या चर्चमधल्या दिखाऊ भक्तीची थट्टा करत झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये परंपरावादी कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर विनोदी निवेदक जिमी किमेल यांनी केलेल्या वक्तव्यावरून प्रसारण आयोगाचे प्रमुख ब्रेंडन कार यांनी त्यांच्या वाहिनीला इशारा दिला आणि किमेल यांचा कार्यक्रम काही दिवस बंद पडला. तेव्हा टेक्सासचे कट्टर रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांनी आपल्याच सरकारच्या या अधिकाऱ्याचं बोलणं माफियाच्या धमकीसारखं असल्याचं सुनावलं. किमेल त्यांना आवडत नाहीत. पण आज हे हत्यार आपल्या हातात आहे, उद्या ते आपल्यावर चालेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आज व्हाइट हाउस परंपरावाद्यांच्या नेत्याकडे आहे, संसदेची दोन्ही सभागृहं त्यांच्या पक्षाकडे आहेत, देशातली सर्वांत मोठी वृत्तवाहिनी त्यांची आहे. ‘आमचं कुणी ऐकत नाही’ हे गाऱ्हाणं वॉशिंग्टनमध्ये आता शोभत नाही. माझ्या गावात मात्र ते अजून खरं आहे. इस्पितळ दूर आहे, औषधं महाग आहेत, तरुण मुलं बाहेर जातात, आणि याची बातमी कुणी करत नाही. सत्तेवर आलेली माणसं आणि माझ्या काउंटरवर येणारी माणसं एकच टोपी घालतात म्हणून त्यांचं दुःख एक होत नाही.

म्हणून मला या उपरोधाचा अंत नको आहे. त्या शेतकऱ्याची बोचरी, हजरजबाबी भाषा मला हवी आहे, आणि तिनं आता त्याच्या स्वतःच्या पुढाऱ्यांना प्रश्न विचारायला हवेत. त्याच्यावर हसणारे देशात पुष्कळ आहेत. त्याच्या बाजूनं हसून पैसे कमावणारेही पुष्कळ आहेत. त्याच्याच सुरात त्याला नको असलेलं खरं सांगण्याची हिंमत त्याच्या बाजूच्या लेखकांनी आणि निवेदकांनी दाखवली पाहिजे. बकलींनी १९६२ मध्ये ती दाखवली आणि त्यांची चळवळ त्यानं दुबळी झाली नाही. अठरा वर्षांनी तिचा माणूस, रेगन, राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.